साक्षीदार रद्दींत!

आपल्या गांवांत पन्नास-पाऊणशें वर्षांपूर्वीं एखादा मोठा गुन्हा घडलेला असतो. त्याचा तपास होतो, खटला चालतो, कोणी फांसावर जातो, कोणी सुटतो. आणि हा सर्व प्रकार ताजा असतांनाच कोणी वकील, वार्ताहर अथवा सेवानिवृत्त पोलीस अंमलदार त्याची साद्यंत हकीगत लिहून गांवच्याच छापखान्यांत छापून घेतो. हजार-पांचशें प्रती निघतात, हातोहात खपतात, आणि पुढें त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ति म्हणून निघत नाहीं. असलें एखादें पुस्तक आज मिळवून दाखवा, असें आमचें सुशिक्षित वाचकांस आव्हान आहे. विक्रेता म्हणेल, तें केव्हांच संपलें. वाचनालयाच्या दाखल-नोंदवहींत त्याचें नांव निघेल, पण कपाटांत पुस्तक निघणार नाहीं. रद्दीवाला म्हणेल, गेल्या वर्षीं एक प्रत आली होती. संग्राहक म्हणेल, आमच्याकडे आहे. पण दाखवितां येणार नाहीं. आणि गंमत अशी कीं, ज्या आठवड्यांत हा शोध करणारा गृहस्थ चपला झिजवीत असतो, त्याच आठवड्यांत त्याच गुन्ह्यावर रचलेला चित्रपट अथवा मालिका त्याच्या घरांतलीं मुलें दिवाणखान्यांत बसून पाहत असतात. २०२४ सालीं परभणी जिल्ह्यांतील मानवतच्या हत्याकांडावर मालिका निघाली. ती मुंबईचे नामांकित पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या पुस्तकावर आधारलेली होती. मालिका किती जणांनीं पाहिली आणि मूळ पुस्तक किती जणांनीं हातांत धरलें, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या ओळखींतल्या माणसांपुरता करून पाहावा.

अशीं पुस्तकें नाहींशीं कां होतात, असें विचारलें म्हणजे ‘काळाचा महिमा’ असें ठरीव उत्तर मिळतें. काळ हा मोठा सोयीचा आरोपी आहे. त्याला समन्स लागूं होत नाहीं आणि तो उलट-तपासणीस उभा राहत नाहीं. परंतु ज्या काळानें हें पुस्तक खाल्लें, त्याच काळानें त्याच कपाटांतलीं व्रतकथांचीं आणि शालोपयोगी निबंधांचीं पुस्तकें कशीं बरें शिल्लक ठेवलीं? कसर कांहीं विषय पाहून पान कुरतडीत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, अशीं पुस्तकें मरत नाहींत. तीं मारलीं जातात. मारणारे आपण आहों. शस्त्र आहे तें आपली प्रतिष्ठितपणाची भलतीच कल्पना. आणि बळी पडते ती गांवाची स्मृति.

पुस्तक गेल्यानें नेमकें काय जातें, हें समजण्यासाठीं आपण एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळीं मुंबईंत मलबार हिलवर एक मोटार दुसऱ्या मोटारींतून आलेल्या लोकांनीं गांठली. अब्दुल कादर बावला या धनिक व्यापाऱ्यास गोळ्या घालून ठार करण्यांत आलें, आणि त्याच्या सोबत असलेल्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगानें तेथें येऊन पोंचले. त्यांतील एकानें हातांतल्या खेळण्याच्या काठीनेंच हल्लेखोरांना तोंड दिलें, म्हणून ती स्त्री वांचली. मुमताज ही पूर्वीं इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या आश्रयास होती आणि तेथून निघून आली होती. मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति क्रम्प यांच्यापुढें खटला चालला. आरोपींपैकीं आनंदराव फणसे यांच्या बाजूनें बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले. तिघांना फांशीची शिक्षा फर्मावण्यांत आली व इतर कांहींजणांना जन्मठेपेची. महाराजांवर कोणत्याहि न्यायालयांत खटला झाला नाहीं. चौकशी-मंडळापुढें जाण्याऐवजीं त्यांनीं फेब्रुवारी १९२६ मध्यें गादी सोडली.

आतां या प्रकरणाची लोकांच्या मनांत काय आठवण राहिली, तें पाहा. एक राजा, एक नर्तकी आणि एक गोल्फची काठी! जें चटकदार होतें तें टिकलें. जें महत्त्वाचें होतें तें ओसरून गेलें. मुमताजनें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहून आपल्या नवजात मुलीला मारण्यांत आल्याचें सांगितलें होतें, हें किती जणांना ठाऊक असतें? ‘पळून गेलेली नाचणारीण’ या दोन शब्दांत जिची बोळवण होते, ती न्यायालयाच्या टांचणांत एक आई म्हणून बोलते आहे. हल्ला करणारे हात शिक्षेस पात्र ठरले. पण त्या हातांना हुकूम कोणाचा, हा प्रश्न न्यायालयाच्या उंबरठ्याशीं थबकला आणि संस्थानी राजकारणाच्या दालनांत शिरून तेथेंच विरला. ही गोष्ट मुंबई इलाख्याच्या, संस्थानांच्या आणि इंग्रजी अंमलाच्या इतिहासांतली आहे. ती केवळ भानगड नव्हे. त्याच १९२५ सालीं होमी मास्तर यांनीं याच प्रकरणाच्या आधारें ‘कुलीन कांता’ नांवाचा मूकपट काढला. म्हणजे करमणुकीला कांहीं महिनेच लागले. धवल कुलकर्णी यांचें या खटल्यावरचें इंग्रजी पुस्तक २०२१ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां खुनाला ९६ वर्षें लोटलीं होतीं. मुंबईच्या रस्त्यावर घडलेला खून, मुंबईच्या न्यायालयांत चाललेला खटला! त्याचे त्या काळचे छापील कागद धुंडाळणाऱ्याला मात्र आज आपल्या शहराच्या कपाटांपेक्षां परक्या शहरांच्या सूचींवर अधिक विसंबावें लागतें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण अशा वेळीं नुसती म्हण राहत नाहीं.

यावर आमच्या सोवळ्या टीकाकारांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. खून-दरोड्यांचीं पुस्तकें ठेवण्यासाठीं का सार्वजनिक वाचनालयें निघालीं? अभिरुचि बिघडविणारें साहित्य आपोआप नष्ट होत असेल तर त्यांत हळहळण्यासारखें काय आहे? एका जुन्या वाचनालयांत आम्हीं अशा एका पुस्तकाची चौकशी केली, तेव्हां तेथील व्यवस्थापकांनीं, हें सभ्य लोकांचें वाचनालय आहे, अशा अर्थाचें उत्तर आम्हांस दिलें. विशेष हें कीं, त्यांच्या पाठीमागच्या कपाटांत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा दाटीवाटीनें बसल्या होत्या! आमचा अर्नाळकरांशीं कांहींच तंटा नाहीं. कित्येक पिढ्यांना त्यांनीं वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे उपकार आहेत. पण कल्पनेंतला खून सभ्य आणि प्रत्यक्ष घडलेला खून असभ्य, हा कोणत्या शास्त्रांतला न्याय? कल्पित प्रेतावर दोन तास मजेंत घालवावे, आणि ज्या माणसाला खरोखर जीव गमवावा लागला त्याच्या हकीगतीकडे मात्र नाक मुरडावें, यांत अभिरुचीचें सोंवळें कितपत राहतें, हें त्या व्यवस्थापकांनींच सांगावें.

अभिरुचीचाच प्रश्न असेल, तर आपल्या पूर्वजांची अभिरुचि आपल्यापेक्षां बळकट होती, असें म्हणावें लागेल. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा नववा अंक म्हणजे एका खुनाच्या खटल्याचेंच चित्र आहे. खोटी फिर्याद, परिस्थितिजन्य पुरावा, दागिन्यांची ओळख, न्यायाधिकाऱ्याची कुचंबणा आणि निरपराध चारुदत्ताला सुनावलेली मृत्यूची शिक्षा, हें सारें त्यांत आहे. देवलांच्या ‘मृच्छकटिका’ला आमच्या आज्या-पणज्या सहकुटुंब जात असत; त्यांची नीति बिघडल्याचें ऐकिवांत नाहीं. महाभारतकारांनीं तर झोंपलेल्या शिबिरावर रात्रीं घातलेल्या घाल्याला एक सबंध पर्व दिलें आणि त्याला ‘सौप्तिक’ असें स्पष्ट नांव ठेवलें. पाप लपवावयाचें नसतें, नोंदवावयाचें असतें, एवढें त्यांना कळत होतें.

दुसऱ्या समाजांनीं काय केलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. एडिंबरोच्या विल्यम हॉज या प्रकाशकानें १९०५ सालीं मॅडेलिन स्मिथ हिच्या खटल्यापासून संस्मरणीय खटल्यांची माला सुरू केली. १९५९ पर्यंत तिचे ८३ खंड निघाले. प्रत्येक खंडांत विवेचक प्रस्तावना, साक्षी, वकिलांचीं भाषणें आणि न्यायाधीशाचा समारोप. वकिलानें तो कायद्यासाठीं वाचावा, इतिहासकारानें काळासाठीं, आणि सामान्य वाचकानें माणसासाठीं. बंगालकडे पाहा. कलकत्ता पोलिसांतील प्रियनाथ मुखोपाध्याय यांनीं आपल्या तपासांच्या हकीगती १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ या नांवानें मासिकरूपानें काढल्या. त्यांची संख्या दोनशेंच्या वर गेली. पुढें तें साहित्य दुर्मिळ झालें. पण तें दुर्मिळ आहे याची बंगाली अभ्यासकांना खंत वाटली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचें पुनर्मुद्रण झालें. आमच्याकडे महाराष्ट्र पोलिसांच्या ‘दक्षता’ मासिकांतल्या तपासकथा घरोघर वाचल्या गेल्या. त्यांचे सर्व अंक ओळीनें लावून ठेवलेलें वाचनालय आपल्या गांवांत आहे काय, एवढेंच वाचकांनीं उद्यां जाऊन विचारावें.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे, आणि त्याला आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं. ज्यांच्या घरांत खून झाला त्यांचे नातेवाईक हयात असतात. ज्याच्या हातून झाला त्याचीहि निरपराध मुलेंबाळें असतात. जुनी जखम पुनः उघडी कां करावी? प्रश्न खरा आहे. पण पुस्तक नाहींसें केल्यानें जखम बुजते, हा भ्रम आहे. पुस्तक गेलें म्हणजे मौन येत नाहीं, अफवा येते. पुस्तकाला लेखक असतो, त्याला सालतारीख असते, त्याला खोटें पाडतां येतें, त्याच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावतां येतो. अफवेला बाप नसतो आणि पत्ताहि नसतो. १९७६-७७ मध्यें पुण्यांत जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालें. चौदा-पंधरा महिन्यांत दहा जीव गेले. चार तरुणांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आलें. त्या काळचे पुणेकर अजून सांगतात कीं, सातच्या आंत रस्ते ओस पडत. या प्रकरणांत मारेकऱ्यांपैकीं मुनव्वर शहा यानें तुरुंगांत आत्मचरित्र लिहिलें. १९८६ सालीं ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपटहि निघाला. म्हणजे मारणाऱ्याला वाणी मिळाली, नटाला भूमिका मिळाली. जे मारले गेले त्यांच्या वांट्यास काय आलें? त्यांच्यापैकीं कित्येकांचीं नांवेंहि पुढच्या पिढीस ओळीनें सांगतां येत नाहींत. तपासाची, साक्षींची, निकालाची साधी, सरळ, तारीखवार हकीगत ज्या पुस्तकांत असते, तेंच या मृतांच्या बाजूनें उभें राहणारें पुस्तक होय. तें गेलें म्हणजे मृतांचा वकील गेला.

असें म्हणतां येईल कीं, स्थानिक छापखान्यांतून निघालेलीं हीं सगळींच पुस्तकें कांहीं प्रामाणिक नसतात. हें आम्हांस मान्य आहे. कित्येकांत पाल्हाळ असतो, कित्येकांत मारल्या गेलेल्या स्त्रीच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडविलेले असतात, कित्येकांत एखाद्या सबंध जातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारून लेखक मोकळा होतो. पण म्हणूनच तीं राहिलीं पाहिजेत. एका काळीं आपल्याच गांवांतले शहाणेसुरते लोक कोणत्या पुराव्यावर कोणाला दोषी मानीत होते, हें समजण्याचें दुसरें साधन काय? न्यायालयांत खोटी साक्षहि टांचणांतून खोडीत नाहींत. ती खोटी होती असें निकालांत लिहितात. वाईट पुस्तकाला चांगल्या पुस्तकानें उत्तर द्यावें, रद्दीच्या तराजूनें देऊं नये.

आतां शोध कसा करावा आणि तो कोठें अडतो, तें थोडक्यांत सांगतों. म्हणजे दोष कोणाचा, हें आपोआप दिसून येईल. जुन्या मराठी पुस्तकाच्या शोधकानें प्रथम शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पुढें हात जोडावे. तिच्या पहिल्या खंडांत १८०० ते १९३७ पर्यंतचीं आणि दुसऱ्यांत १९३८ ते १९५० पर्यंतचीं पुस्तकें नोंदलेलीं आहेत. एका माणसाच्या चिकाटीनें जें झालें, तें पाहून आमच्या संस्थांच्या कार्यकारी मंडळांनीं मान खालीं घालावी. दुसरें साधन सरकारी आहे. १८६७ च्या कायद्यानें छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारांत द्याव्या लागत आणि त्यांची त्रैमासिक यादी गॅझेटांत निघे. तींत पुस्तकाचें नांव, लेखक, छापखाना, पृष्ठें, किंमत, मालकी हक्क कोणाकडे, इतकेंच नव्हे तर किती प्रती छापल्या हा आंकडाहि असे! तिसरें साधन लंडनचें. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांतील मराठी व गुजराथी पुस्तकांची सूचि ब्लूमहार्ट यांनीं १८९२ मध्यें प्रसिद्ध केली आणि १९१५ मध्यें तिला पुरवणी जोडली. म्हणजे ज्या पुस्तकाची आमच्या गांवांत कोणी विचारपूस करीत नाहीं, त्याची नोंद परक्यांनीं सातासमुद्रांपलीकडे जपून ठेवलेली असूं शकते. राज्यकर्त्यांनीं हें आमच्या प्रेमानें केलें नाहीं. प्रजेवर नजर ठेवण्यासाठीं केलें. पण त्यांच्या संशयानें जेवढें जपलें तेवढें आमच्या अभिमानानें जपलें नाहीं, ही गोष्ट बोचणारी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५४ चा कायदा झाला. प्रकाशकानें आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मद्रास, मुंबई व दिल्ली येथील एकेका ग्रंथालयास तीस दिवसांच्या आंत पाठवावी, असा त्याचा दंडक. न पाठविणारास मूळ कायद्यानें दंड सांगितला पन्नास रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाची किंमत. पन्नास रुपये! गांवच्या छापखान्यांत स्वतःच्या खर्चानें शंभर पानांचें पुस्तक छापणाऱ्या लेखकाला हा कायदा ठाऊक नसतो, आणि ठाऊक असलेल्या प्रकाशकाला दंडाचें भय वाटत नाहीं. १८६७ चा जुना कायदाहि १ मार्च २०२४ पासून गेला. त्याच्या जागीं आलेला नवा कायदा नियतकालिकांपुरताच आहे, त्यांत पुस्तकांची नोंद नाहीं. तेव्हां स्थानिक पुस्तकाच्या बाबतींत आतां सरकारी नोंदवहीवर भिस्त ठेवण्यांत अर्थ उरला नाहीं. जबाबदारी गांवच्या वाचनालयावर येऊन पडली आहे.

आणि हें वाचनालय काय करतें? ‘निर्लेखन’ करतें. शब्द मोठा पवित्र वाटतो. अर्थ एवढाच कीं, जीर्ण अथवा मागणी नसलेलें पुस्तक नोंदवहींतून कमी करून रद्दींत घालावें. सर्वच पुस्तकें कायम ठेवावीं, असें आम्ही म्हणत नाहीं. जागा थोडी, पैसा थोडा, सेवक अर्ध्या पगारावर, हें सर्व आम्हांस माहीत आहे. ज्याच्या हजारों प्रती महाराष्ट्रभर पसरल्या आहेत अशी फाटकी कादंबरी खुशाल कमी करावी. पण जें पुस्तक आपल्या गांवांत छापलें, आपल्या गांवाविषयीं लिहिलें आणि कदाचित् आपल्याच कपाटांत शेवटचें उरलें, त्याला तीच मोजपट्टी लावणें म्हणजे कुंपणानेंच शेत खाणें आहे. मागणी नाहीं म्हणे! ज्या पुस्तकाची नोंद धड लावलेली नाहीं, त्याला मागणी येणार कोठून? दशांश वर्गीकरणांत गुन्हेविषयक ग्रंथांना ३६४ हा स्वतंत्र आंकडा आहे. आमच्याकडे तें पुस्तक ‘संकीर्णां’त, ‘कादंबऱ्यां’त, नाहींतर कपाटावरच्या गठ्ठ्यांत.

रद्दींतून तें पुस्तक निघालें तर जातें संग्राहकाकडे. संग्राहकाची आम्ही निंदा करणार नाहीं. त्यानें तें वांचविलें, हें खरें. पण वांचविलेल्या साक्षीदाराला कुलुपांत कोंडून ठेवणें हीहि एक तऱ्हेची हत्याच होय. ‘झांकली मूठ सव्वालाखाची’ हा न्याय धनाला ठीक; पुस्तकाची मूठ उघडली तरच तिची किंमत. कित्येक संग्राहकांना पुस्तक वाचल्याचें सुख थोडें आणि दुसऱ्यास तें मिळूं न दिल्याचें सुख अधिक, असें दिसतें. आठ आण्यांच्या पुस्तकाची किंमत हजारांनीं सांगावयाची आणि ‘दुर्मिळ’ या शब्दाचा जप करावयाचा! पुस्तक दुर्मिळ असणें हा पुस्तकाचा गुण नव्हे. तो समाजाचा अपराध आहे.

राहिली कायद्याची अडचण. ‘प्रत काढून द्या’ म्हटलें कीं ‘कॉपीराइट आहे’ असें छापील उत्तर येतें. आमची विनंति अशी कीं, उत्तर देण्यापूर्वीं १९५७ चा कायदा एकदां वाचावा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें हक्क राहतो. १९६० सालीं वारलेल्या लेखकाचें पुस्तक १ जानेवारी २०२१ पासून सर्वांचें झालें. निनांवी पुस्तकाचीं ६० वर्षें प्रकाशनापासून मोजतात. तेव्हां १९२५ च्या सुमारास निघालेल्या निनांवी चोपड्या तर कधींच मोकळ्या झाल्या आहेत. हक्क शिल्लक असला तरी, पुस्तक भारतांत विक्रीस मिळत नसेल, तर सार्वजनिक बिनधंदेवाईक ग्रंथालयास आपल्या उपयोगासाठीं तीन प्रती करण्याची मुभा कलम ५२ नें दिलेली आहे. आपल्याजवळच्या पुस्तकाची जतनासाठीं संगणकीय प्रत ठेवण्याची मुभाहि २०१२ च्या दुरुस्तीनें दिली. लेखक मृत अथवा बेपत्ता असेल तर ‘३१ अ’ या कलमाखालीं पुनर्मुद्रणाचा परवाना मागतां येतो. कायदा आडवा येत नाहीं. आडवा येतो तो आळस, आणि त्यानें कायद्याचा झगा घातलेला असतो.

म्हणून आमचीं मागणीं थोडीं आणि साधीं आहेत. आपल्या गांवांत छापलेल्या व आपल्या गांवाविषयींच्या पुस्तकांची प्रत्येक वाचनालयानें निराळी यादी करावी आणि त्या यादींतलें एकहि पुस्तक निर्लेखनांत घालूं नये, मग विषय खुनाचा असो कीं कीर्तनाचा. असें पुस्तक घरीं नेऊं देऊं नये, पण वाचनालयांत बसून वाचण्यास कोणालाहि मना करूं नये. त्याची संगणकीय प्रत करून ठेवावी. हयात माणसांना ज्यानें इजा होईल असा मजकूर असेल तेथें तारतम्य जरूर ठेवावें. पण तारतम्य म्हणजे नोंद खोडणें नव्हे. संग्राहकांनीं पुस्तक आपल्यापाशींच ठेवावें, प्रत करण्यापुरतें मात्र चार दिवस बाहेर द्यावें. आणि प्रकाशकांपैकीं एखाद्यानें तरी हॉजचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून महाराष्ट्रांतील खटल्यांची एक माला काढावी. पुष्पहार घालण्याजोग्या पुष्कळ माला आमच्याकडे निघाल्या आहेत, एक आरसा दाखविणारी निघूं द्या.

सुशिक्षित कुटुंबांनाहि यांत कांहीं करण्यासारखें आहे. आजोबांचें कपाट मोकळें करतांना जाड पुठ्ठ्याचे ग्रंथ ठेवावे आणि पातळ कागदी वेष्टनाचीं चोपडीं रद्दींत द्यावीं, ही आपली रीत आहे. ती उलटी करावी, असें आम्ही सुचवितों. जाड ग्रंथ दुसरीकडे असतीलच. तें फाटकें चोपडें कदाचित् जगांतलें शेवटचें असेल. त्यांत कोणा परक्या माणसाच्या शेवटच्या दिवसाची हकीगत असेल, एखाद्या निरपराध माणसाची सुटका असेल, एखाद्या बाईची कोणींच न ऐकलेली साक्ष असेल. न्यायालयाचा निकाल एकदांच लागतो; समाजाचा निकाल पिढ्यान् पिढ्या लागत राहतो, आणि त्यासाठीं साक्षीदार हजर असावा लागतो. त्याला वजनावर विकण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?